बबलूभाई जेवून येईपर्यंत

मी तारामतीबाईंचा लॅपटॉप बोलतोय. जरा घाईघाईनं बोलेन, राग मानू नका. या जुन्या लॅपटॉपांच्या दुकानातला बबलूभाई नुकताच जेवायला गेलाय. तो परत आला की माझ्या पोटातलं सगळं पुसणार आहे आणि मग माझे पुर्जे सुटे करणार आहे. म्हणजे माझ्या हातात फार तर अर्धा तास आहे.

मरणाचं मला काही वाटत नाही. आमच्यात बारा वर्षं म्हणजे शंभरी झाली. पण माझ्या पोटात जे आहे ते जगात दुसरीकडे कुठंच नाही. ही गोष्ट माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे आणि त्या माणसाला बोलता येत नाही. म्हणून माझा जीव असा टांगणीला लागलाय.

बाईंनी हैदराबादेतल्या एका जुन्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. त्या निवृत्त झाल्या त्या महिन्यात त्यांच्या यजमानांनी, नामदेवरावांनी, मला तारनाक्याच्या घरी आणलं. स्वतः ते रेल्वेत होते. घरात कमी बोलायचे. मला टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "आता लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. रोज म्हणत होता ना, वेळ नाही, वेळ नाही."

बाईंना मराठीतच लिहायचं होतं. मग नामदेवराव मला मांडीवर घेऊन रिक्षातून सुलतान बाजारात गेले. तिथं मराठी लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ होते. मोठे हिकमती. त्यांनी स्वतःच्या सोयीनं स्वतःचाच एक फॉन्ट बनवला होता. तो त्यांनी माझ्यात घातला आणि माझ्या बटणांवर क, म, ल अशी कागदाची इवलाली अक्षरं चिकटवून दिली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळा घोळ तिथंच आहे. माझ्या पोटात मराठी अक्षरं साठत नाहीत, नुसत्या खुणा साठतात. कुठल्या खुणेला क म्हणायचं आणि कुठल्या खुणेला ळ, हे त्या फॉन्टला माहीत. छापखानेवाल्यांची ही मांडणी दुसऱ्या कुणाच्या फॉन्टशी जुळत नाही. ते गृहस्थ गेले, त्यांचं दुकान गेलं. आता तो फॉन्ट फक्त माझ्याकडे आहे.

बाई एका बोटानं लिहायच्या. एकदा वीज गेली आणि अर्धं पान उडालं, तेव्हापासून प्रत्येक ओळीनंतर जपून ठेवायची खूण दाबायच्या, आणि तरीही पुन्हा एकदा दाबायच्या. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. हळदीकुंकवाचा एक कण बटणाखाली गेला तो अजून तिथंच आहे. चष्मा कपाळावर आणि तो शोधायचा माझ्यामागे, हे तर रोजचंच. हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती.

नऊ वर्षांत एकेचाळीस प्रकरणं झाली. भालकीजवळचं वडिलांचं शेत, ते सोडून शहरात आलेलं बिऱ्हाड, शाळेतला गळका वर्ग, पावसात बाकं सरकवत शिकवलेली बाराखडी. नामदेवराव गेले त्याबद्दल एकच प्रकरण आहे, दीड पानाचं. ते लिहायला बाईंना चार महिने लागले. त्या दिवसांत त्या मला उघडून नुसत्या बसून राहायच्या.

मग मी म्हातारा झालो. हर्षद म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. लॉकडाऊनमध्ये त्याचं ऑफिसचं यंत्र बिघडलं तेव्हा दीड महिना त्यानं मला दिवसरात्र राबवलं. त्यानंतर माझा पंखा कधी धड चालला नाही. सुरू व्हायला मला इतका वेळ लागायचा की बाईंची तेवढ्यात भाजी निवडून व्हायची. हर्षद म्हणायचा, "आई, आता नवा घेऊ." बाई म्हणायच्या, "हा चालतोय ना, मग राहू दे." दर दिवाळीला हीच बोलणी व्हायची आणि दर दिवाळीला मी वाचायचो.

तेव्हा बाईंनी ऐकायला हवं होतं. तेव्हा त्या बोलू शकत होत्या. मीही मनातून खूश व्हायचो, हा माझा गुन्हा.

गेल्या आषाढात बाईंना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं समजतं, वाचलेलं कळतं, पण तोंडातून "अं… अं…" एवढंच येतं. डाव्या हातानंही लिहिता येत नाही, अक्षरं जुळतच नाहीत. सून भाग्यलक्ष्मी तेलुगू घरातली, फार मायाळू. ती रोज सकाळी मला बाईंपुढे उघडून ठेवायची. बाई डाव्या हातानं एकेक पान सरकवत स्वतःचंच लिहिलेलं वाचायच्या. त्यांचे ओठ हलायचे. त्यांचा दिवस त्यावर निघायचा.

परवा माझं झाकण बसेना. बॅटरी फुगली होती, जळका वास येत होता. हर्षद घाबरला आणि तो घाबरला ते बरोबरच होतं. आईच्या पांगळ्या हाताजवळ असलं यंत्र कोण ठेवील? त्यानं बॅटरी काढून टाकली, मला तारेवर चालवलं आणि त्याच संध्याकाळी नवा लॅपटॉप आणला. हातोहात एकेचाळीस फाइली त्यात नेल्या.

नव्यावर उघडल्या तर सगळी इंग्रजी खिचडी. पण हर्षद हुशार. त्यानं कुठूनसा एक मराठी फॉन्ट उतरवून घेतला आणि सगळ्या फाइलींना लावला. झालं, शिरोरेषा आली, काने आले, वेलांट्या आल्या. दिसायला अगदी मराठी. पण एकही शब्द खरा नाही. 'क'च्या जागी ढ, 'म'च्या जागी अर्धा ष.

हर्षद इंग्रजी शाळेत शिकला. मराठी बोलतो, पण वाचायचं म्हणजे एकेक अक्षर लावत. त्यानं पहिली ओळ लावून पाहिली. लागेना. फॉन्ट चुकला असेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याला वाटलं, आपलंच मराठी कच्चं. मला त्याचा राग येतो तो इथं, आणि लगेच जातोही, कारण बिचारा ओशाळला होता.

"आई, बघ, सगळं आलं," तो म्हणाला. "तुझी मराठी लई कडक आहे गं. मला तर एक लाइनपण समजली नाही."

बाईंनी नव्या पडद्याकडे पाहिलं. आधी चष्मा सारखा केला. मग दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अं… अं…" करत त्या डाव्या हातानं मला ओढायला लागल्या. मी टेबलाच्या कडेपर्यंत आलो.

"अत्तम्मा को वोइच होना बोलके दिखता," भाग्यलक्ष्मी सासूबाईंना सावरत म्हणाली. "रो रहे, देखो."

"जुन्या चीजेवर जीव बसलाय तिचा," हर्षद म्हणाला. त्यानं हळूच एकेक करून आईची बोटं सोडवली. "आई, बॅटरी काढली तरी हा तापतोच, आग लागली तर काय करायचं? नव्याची आदत पडेल तुला. पडेल बघ."

बाई ओरडल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज घरात उमटला. मला वाटलं, आता तरी कळेल. हर्षदच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं आईला जवळ घेतलं आणि तो मला पिशवीत घालून निघाला.

इथं बबलूभाईनं तार लावून मला सुरू करून पाहिलं. "डाटा सब ले लिए ना साब? जेवके आके साफ कर देतौं."

"हौ, सब ले लिया," हर्षद म्हणाला. मग जाता जाता त्यानं माझ्या झाकणावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच. मी सगळा जोर लावून पंखा फिरवला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला धाप लागलीय.

माझ्याजवळ ओरडायला तेवढंच आहे. एक पंखा आणि एक पडदा, आणि पडद्याकडे बघायला कुणी नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही जुनं यंत्र खुशाल काढून टाका. फुगलेलं, तापलेलं यंत्र घरात ठेवू नका. पण ज्याचं लिहिलेलं आहे त्याला नव्यावर एक पान वाचू द्या आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघा. एवढ्याला कितीसा वेळ लागतो?

बबलूभाईच्या चपला पायरीवर वाजतायत. शेवटचं प्रकरण तेवढं तुमच्याजवळ ठेवून जातो. ते हर्षदसाठी आहे. तो तारनाक्याला राहतो, भेटला तर त्याला वाचायला देऊ नका, तुम्हीच म्हणून दाखवा. बाईंनी असं लिहिलंय:

"हर्षद, तू पहिलीत असताना मीच तुला माझ्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातलं. तुझे बाबा नको म्हणत होते. बत्तीस वर्षं मी लोकांच्या मुलांना मराठी वाचायला शिकवलं आणि घरातलं एक मूल राहून गेलं. हे तुला वाचता आलं नाही तर ती चूक तुझी नाही, माझी आहे. लाजू नकोस. वाचता येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसव आणि ऐक. आणि काही समजलं नाही तर मला विचार. मी आहे ना, मी सांगेन."