लिंबोणीसाठी केस

बायको गेल्यावर मी केस कापायचं दुकान उघडलंच नाही. सगळे म्हणाले, जरा विश्रांती घ्या. घेतली. दिवसभर मागच्या अंगणात बसून राहायचो. समोर हिनं बी रुजवून वाढवलेली लिंबोणी.

तिची पानं पिवळी पडू लागली. हिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. मी सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालू लागलो. पानं जास्तच गळाली.

मग मेहुणी आली. तिनं मातीत बोट खुपसलं आणि ते चिखलाचं बोट माझ्यासमोर धरलं.

“भावोजी, हे झाड आहे की म्हैस? डुंबायला ठेवलंय का?”

“सुकत होतं गं.”

“उपाशी आहे ते. ताई काय घालायची, विसरलात?”

विसरलो नव्हतो. रोज संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की ही विचारायची, “आज किती डोकी आणलीत?” कापलेले केस मी पिशवीतून आणायचो. ती ते वाळक्या पानांत कालवून पिंपात कुजवायची आणि झाडाला घालायची. शेजारी हसायचे. मीही हसायचो.

“केस कुठून आणू? दुकान बंद आहे.”

“मग काय, झाडानं येऊन कुलूप काढायचं?”

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. आरसा पुसला, त्यात दाढी वाढलेला म्हातारा दिसला. तेवढ्यात समोरचा पाववाला पीठ झटकत आला.

“आलात बाबा! पावात केस सापडला तर घरी येऊ नका, असं बजावलंय मला बायकोनं.”

त्याला खुर्चीत बसवून कात्री उचलली. हाताला आपोआप लय सापडली.

“वहिनी...” तो म्हणाला आणि अडखळला.

“मान खाली घाला,” मी म्हणालो. त्यानं घातली. बरं झालं. आरशात एकमेकांकडे बघावं लागलं नाही.

संध्याकाळी पिशवी घेऊन दारात आलो आणि पाय थांबला. कुणी काही विचारलं नाही. मी तसाच मागे गेलो, वाळकी पानं गोळा केली, केस कालवून पिंपात दाबले. कुजायला वेळ लागणार होता. हात मातीनं भरले होते आणि किती तरी दिवसांनी मला भूक लागली होती.

“एकच डोकं मिळालं,” मी लिंबोणीला सांगितलं. “उद्या जास्त आणतो.”