नवसाच्या नारळाचा पहिला नंबर

नवसाबाईचं देवघर म्हणजे चुलीमागच्या भिंतीतला कोनाडा. त्यात दिवाळीपासून लाल फडक्यात बांधलेला एक नारळ बसून होता. थोरला मुलगा भारत देवळालीला तोफखान्याच्या भरतीत छाती मोजून, धावून आला होता. बोलावणं तेवढं यायचं होतं. ते आलं की नारळ वणीच्या गडावर न्यायचा आणि सप्तशृंगी आईपुढेच फोडायचा, असं ठरलेलं. तोवर त्याला ओरखडा उठता कामा नये. नवसाबाई स्वतःच नवसाची, म्हणून तर हे नाव. त्यामुळे त्या घरात भिंतीवर कुणी शंका घेतली असती, नवसावर नाही.

कांद्याची लागण करताना ती गुणगुणायची,

गडाच्या वाटंला, नारळ पदरी झाकीला,
आई गं सप्तशृंगी, शब्द तुझा मी राखीला.

ओळ संपायची तिथे रोप मातीत बसायचं.

धाकटी छाया नववीत. तिच्या डोक्यात मात्र त्या दिवसांत गड नव्हता, अंडं होतं. नाशिकला जिल्ह्याचा विज्ञान मेळावा भरायचा होता. आजवर मेळावा म्हणजे थर्माकोलचं धरण, नाहीतर एकलहऱ्याचं पॉवर हाऊस, ज्याच्या पुठ्ठ्याच्या चिमणीतून उदबत्तीचा धूर निघे. वडिलांनी करायचं, मुलांनी उचलून न्यायचं. यंदा पहिल्यांदाच जागेवर बसून, स्वतःच्या हाताने करायची स्पर्धा होती. तिथेच मिळालेल्या रद्दी-सुतळी-पिशव्यांत अंडं बांधायचं आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडायचं. ज्याचं फुटणार नाही तो पुण्याला राज्याच्या मेळाव्यात जाणार.

चांदवड तालुक्यातल्या तिच्या शाळेतल्या दीपमालाबाईंनी छायाला निवडलं, कारण वर्गात तिच्या हातून कधी काही पडत नसे. तिने शेजारच्या कोंबडीची बरीच अंडी वाया घालवली आणि शेवटी स्वतःची युक्ती काढली. पाटी डोक्यावर घेताना खाली कापडाची चुंबळ ठेवतात ना, तशा रद्दीच्या चुंबळी पिळायच्या, एकीवर एक रचायच्या आणि मधल्या पोकळीत अंडं निजवायचं. पडताना चुंबळी चेपायच्या, अंडं झोपून राहायचं.

आणि मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी दीपमालाबाई बांधावरून हाका मारत आल्या.

"छाया, अंडं नको गं! नाशिकहून फोन आलाय. नारळ आण."

"नारळ? का हो बाई?"

झालं होतं असं की मेळाव्याच्या अध्यक्षांना, म्हणजे नानांना, ऐन वेळी तारीख आठवली. मार्गशीर्षातला गुरुवार, आणि विद्येच्या आवारात अंडं? मग समिती बसली. कुणी म्हणालं टोमॅटो, तर सतरंज्या खराब होतील. कुणी म्हणालं लिंबू, तर वरून लिंबं पडलेली पाहून लोक करणी समजतील. शेवटी नानाच म्हणाले, "नारळ घ्या. सात्त्विक आहे. विज्ञानाला काय, वस्तू फुटण्याशी मतलब."

छाया बारकूच्या दुकानाकडे पळाली. बारकू हसला. "उद्या गुरुवार, पोरी. कलशाला लागतात. दुपारीच बाया सगळे घेऊन गेल्या."

गावात एकच नारळ मोकळा होता, आणि तो कोनाड्यात बसला होता.

पहाटे नवसाबाई रोपं उपटायला गेली तशी छायाने कोनाड्यापुढे हात जोडले. "आई, न्यायचा आणि सांजच्याला परत. खरचटूसुद्धा देणार नाय." फडकं रिकामं ठेवायचा धीर झाला नाही. मळ्यातला कोबीचा एक गोल गड्डा तिने त्यात बांधला आणि कोनाड्यात ठेवला. गाठ आईच्या गाठीसारखीच मारली.

एसटी नाशिकला पोचेपर्यंत नारळ तिच्या मांडीवर होता. नंबर आला नाही तरी चालेल, एवढंच ती मनाशी म्हणत होती, हा घरी गेला पाहिजे.

पटांगणात मंडप होता. मंडपावर मोठ्या अक्षरांत कापड लावलेलं होतं: ‘अंधश्रद्धा सोडा, विज्ञानाची कास धरा.’ प्रमुख पाहुणे देवळाली कॅम्पचे कर्नलसाहेब. त्यांना उशीर होता, म्हणून उद्घाटनाआधीच स्पर्धा उरकायची ठरली. छायाच्या शेजारी नानांचा नातू राज बसला होता. तो नारळ आणायलाच विसरला होता.

"आजोबा, माझ्याकडे नारळ नाही!"

"अरे, तो टेबलावरचा घे. उद्घाटनाला अजून वेळ आहे."

राजने प्लॅस्टिकच्या पिशव्यांची छत्री केली. छायाच्या चुंबळींकडे पाहून तो म्हणाला, "ए चांदवड, भाजी विकायला आलीस का?"

"विकायला नाय," छाया सुतळी आवळत म्हणाली, "घरी न्यायला."

इतर मुलं जिंकण्यापुरतं बांधत होती. हिला हरायचीही सोय नव्हती. तिने नारळाची शेंडी आणि डोळे वरच्या बाजूला घेतले, पोटाखाली चार चुंबळी, माथ्यावर तीन, कडेने रद्दीच्या गुंडाळ्या. तान्ह्या लेकराला दुपट्यात घ्यावं तसं सगळं घेऊन ती जिना चढली.

एकेक नारळ खाली आला. फट्. फट्. फट्. राजची छत्री कठड्यालाच अडकली, नारळ तेवढा सुटला आणि उद्घाटनाचं पाणी फरशीवर सांडलं. खाली पोरांची चंगळ चालली होती. परीक्षकांच्याही तोंडात खोबरं होतं.

छायाने डोळे मिटून हात सोडला.

आवाज आला तो गादीवर कुणी बसल्यासारखा. ती कशी उतरली तिला कळलं नाही. सुतळी दातांनी तोडली, नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं. खळखळ, खळखळ. गडावरून कुणी ओ द्यावी तसं.

"पहिला नंबर!" परीक्षक खोबरं गिळून म्हणाले. दीपमालाबाईंनी तिथेच दोन टाळ्या जास्त वाजवल्या. छायाने नारळ ओढणीत बांधायला घेतला.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली.

"नारळ!" नाना ओरडले. "उद्घाटनाचा नारळ कुठंय?"

सगळ्यांनी राजकडे पाहिलं. राजने हातातली खोबऱ्याची वाटी मागे लपवली. मग सगळ्यांनी छायाकडे पाहिलं.

"दे बाळ तो," नाना म्हणाले.

"नाय."

"अगं, मान आहे तुझा. तुझ्या नारळाने उद्घाटन!"

"नवसाचा हाय तो. वणीला फोडायचाय."

नाना दोन पावलं मागे सरले. "नवस? विज्ञान मेळाव्यात? वर काय लिहिलंय वाचता येतं का? बाई, हेच शिकवता का मुलींना?"

दीपमालाबाई लाल झाल्या. "छाया, दे गं. ह्या असल्या समजुती आपण... आणि नाना, नारळाशिवाय नाही का चालणार? फीत कापली तर?"

"नारळाशिवाय?" नानांचा आवाज एकदम खाली आला. "पहिलंच वर्ष आहे ह्या स्पर्धेचं, बाई. अपशकुन नको."

छायाने नारळ पोटाशी धरला. एवढ्यात कर्नलसाहेब स्वतःच पुढे आले. हिरवा गणवेश, छातीवर पट्ट्या, मिशी पांढरी.

"काय प्रॉब्लेम आहे, बेटा?"

छायाने त्यांच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, तुम्ही तोफखान्याचे?"

"हो. का?"

गडाची वाट एकीकडे, देवळालीची एकीकडे. भाऊ कुणाच्या दारात उभा होता ते तिला ठाऊक होतं. तिने ओढणीची गाठ सोडली.

"देते. पण फोडताना ‘सप्तशृंगी माते की जय’ म्हणा. मोठ्यानं."

कर्नलसाहेबांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. फौजेत जयजयकाराशिवाय पाऊल पुढे पडत नाही. माइक चालू होता. ‘अंधश्रद्धा सोडा’च्या खाली त्यांनी अशी आरोळी दिली की मंडपातल्या शाळांनीही तोंडभरून साथ दिली. पहिल्या घावाला नारळ फुटला नाही, दुसऱ्याला नाही. "मजबूत है!" साहेब म्हणाले. तिसऱ्याला दोन भकलं झाली. नाना टाळ्या वाजवत म्हणाले, "विज्ञान मेळाव्याचं उद्घाटन झालं, असं मी जाहीर करतो." छायाला प्रमाणपत्र मिळालं. हातात धरवत नव्हतं तिला ते.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. नवसाबाईने कोनाड्यात दिवा लावला होता, फडक्याला हळदकुंकू वाहिलं होतं. छायाने दोन्ही भकलं आईपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

नवसाबाईने दिवा बाजूला सरकवला. फडकं सोडलं. कोबीच्या कपाळावर फडक्यातून उतरलेलं कुंकू होतं.

"हिला पाया पडले मी," ती म्हणाली. "दोन येळा."

"आई, चुकलं गं."

"कुणी फोडला म्हनलीस?"

"तोफखान्याच्या साहेबांनी."

"आईचं नाव घेतलं?"

"घेतलं. माइकवर."

नवसाबाई भकलांकडे पाहत राहिली. खोबरं पांढरंशुभ्र होतं, कुठे डाग नाही. "मंग निम्मा पोचला म्हनायचा," ती म्हणाली. "साहेबाकडं पोचला, आईकडं जायचा राह्यला." मग तिची नजर गुंडाळलेल्या कागदाकडे गेली. "त्ये काय?"

"पहिल्या नंबराचं."

तिने हात पुसून प्रमाणपत्र घेतलं, कपाळाला लावलं, लाल फडक्यात गुंडाळलं आणि पक्की गाठ मारून कोनाड्यात ठेवलं. "नारळाच्या बदल्यात आलंय, नारळाचंच हाय. भारतचं बोलावणं आलं की गडावर न्यायचं. तवर गाठ सोडायची नाय." कोबीची त्या रात्री भाजी झाली, वर ताजं खोबरं किसून.

चार दिवसांनी दीपमालाबाई आल्या. पुण्याला जायचं तर मूळ प्रमाणपत्र दाखवावं लागणार होतं.

"बाई, त्ये नवसात हाय," छाया मान खाली घालून म्हणाली.

"अगं, काय हे!" बाई थेट नवसाबाईपुढे जाऊन बसल्या. कागद म्हणजे काय, पुणं म्हणजे काय, देव असा कागदावर बसत नसतो, सगळं समजावलं. नवसाबाईने सगळं ऐकलं, चहा दिला आणि म्हणाली, "बरुबर हाय बाई तुमचं. पन गाठ मी नाय मारलेली. गाठ बोलल्या नवसाची हाय."

बाईंनी कोनाड्याकडे पाहिलं. "आणि भारतचं बोलावणं कधी येणार?"

"त्ये आईला म्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत दीपमालाबाई पोस्टमनची वाट पाहत शाळेच्या फाटकात उभ्या राहू लागल्या. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. पुण्याची तारीख जवळ येत चालली. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बाया यायच्या आधी, त्या भर दुपारी बारकूच्या दुकानात गेल्या आणि एक चांगला, पाण्याचा नारळ मागितला.

"बाई, तुमीबी गुरुवार धरला काय?" बारकूने विचारलं.

"छे, छे! चटणीला हवाय," बाई म्हणाल्या, आणि जाता जाता दारातून वळून हळूच विचारलं, "लाल फडकं आहे का रे तुझ्याकडे?"