खोबणीचा ठोकळा

बाबा गेल्यावर त्यांचे भागीदार काका पहिल्यांदाच तिला भेटायला वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा तिने त्यांना बसा म्हटलं नाही. बाबांनी लेथवर कातायला घेतलेला शेवटचा लाकडी वाडगा नाहीसा झाला होता आणि सध्या जो तो तिला चोर वाटत होता.

"पटाशा राहू देत तुला. मला आपला तो लाकडी ठोकळा दे," काका म्हणाले. "भंगारच आहे."

"भंगार कशाला हवंय मग?"

"असू दे गं, आठवण म्हणून."

तिने ठोकळा उचलला. वाडग्याचं बूड कातताना तो पालथा घट्ट बसावा, म्हणून बाबा दर वेळी नव्या ठोकळ्यात त्याच्या तोंडाच्या मापाची खोबण कोरत. या खोबणीत त्या शेवटच्या वाडग्याशिवाय दुसरं काहीच बसलं नसतं.

"काका, वाडगा तुमच्याकडे आहे."

काकांचा चेहरा पडला. "अगं, बूड तेवढं राहिलंय. पुरा करून तुलाच आणून देणार होतो."

खरं की थाप, तिला कळेना.

"मग घेऊन या," ती म्हणाली. "इथेच काता. मी बसते समोर."

ठोकळा मात्र तिने हातातून सोडला नाही.