किड्याला आमेन

अमेरिकेत, टेनेसीतल्या त्या प्रार्थनासभेच्या तंबूत भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवचनकार ब्रदर क्रम्पच्या तळहातावर एक सिकाडा, झाडावर बसून किर्र गाणारा किडा, चालत होता. सतरा वर्षं जमिनीखाली काढून नुकता वर आलेला. पण मागचं अर्धं अंग झडलेलं, तिथं खडूसारखी पांढरी भुकटी. तरी गडी पंख झटकत होता!

"मेलाय, तरी चालतोय! ही पुनरुत्थानाची भुकटी! चिमूटभर जिभेवर घ्या, इन्सुलिनच्या सुया कचऱ्यात फेका!" ब्रदरनं सूर लावला, चुटकी वाजवली. टेबलावरचे धडधाकट किडे गात गात त्याच्या बोटांकडे निघाले. तंबू हेलावला.

ओडेसाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. गाऊन सांगितलेल्या प्रवचनावर त्यांचा जीव. पाळकाची ओळ संपली की 'आमेन' नेमकं कुठं पडायचं, हे त्यांच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं त्यांचीच टाळी ठरवी. शाळेत विज्ञान शिकवलं ते वेगळंच. शेजारी धाकटी बहीण लव्हिनिया; चार दिवस इन्सुलिन बंद, ओठ सुकलेले, धाप लागलेली.

"बघितलंस, ताई? किडेसुद्धा त्याचं ऐकतात!"

"किडे कुठले, तोच त्यांचं ऐकतोय. कान दे जरा. आधी किड्याची ओळ संपते, मग याची चुटकी. किड्याला आमेन म्हणतोय मेला!"

"तुझं आपलं काहीतरीच!"

ओडेसाबाई उठून टेबलापाशी गेल्या. एका किड्याची तान संपताच त्यांनी चुटकी वाजवली. किडा वळला, गात त्यांच्याकडे आला. दुसरा थेट बाहीवर चढला.

"हिच्या अंगात सैतान आहे!" ब्रदर किंचाळला.

"सैतान नाही रे बाबा, नुसती चुटकी. मादी पंख झटकते तो आवाज असाच. नराला वाटतं, नवरी बोलावतेय. आणि तुझ्या हातावरचा तो संत? बुरशीनं आतून खाल्लाय त्याला. तो नर, पण ती बुरशीच त्याला मादीसारखे पंख झटकायला लावते. जवळ येईल त्यालाही लागण! आणि ही तुझी भुकटी म्हणजे त्या बुरशीचं बी."

पुढच्या रांगेतली बाई रुमालानं जीभ खरवडू लागली.

"ताई," लव्हिनिया पुटपुटली, "मी सहा घरं फिरून माणसं आणलीत गं इथं."

"बुरशीही तेच करते. पोखरलेल्यालाच फिरायला धाडते. ऊठ, दवाखान्यात चल. देवानं गळा दिला तशी अक्कलही दिलीय. आमेन म्हणण्याआधी ओळ नीट ऐकावी."

संध्याकाळी, सलाईन लावलेल्या हातानं लव्हिनियानं फोन मागितला. सहा घरं होती.