भात्यावरचं बँडेज

मित्रांनो, मी एक जुनी हार्मोनियम आहे. सगळे मला पेटीच म्हणतात. अंधेरीतल्या एका मेडिकल कॉलेजच्या कल्चरल रूममध्ये मी राहते. माझ्या अंगावर 'निकामी' लिहिलेला एक पुठ्ठा बांधलेला आहे. तो खोटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

दादरच्या एका लहानशा कारखान्यात सागवानी फळ्यांतून मी घडले. कॉलेजात आले त्या दिवशी मला हार घातला होता. मग गॅदरिंग जवळ आलं की पोरं माझ्यावर तुटून पडत आणि ते उरकलं की वर्षभर माझ्यावर धूळ बसे. डॉक्टर होणाऱ्यांना अभ्यासातून डोकं वर काढायला सवड नसते, हे मला कळत होतं. तरी वाईट वाटायचंच.

मग अक्षता आली. पहिल्या वर्षाची, वाकोल्याची. तिचे बाबा, लवू, भजनात पेटी वाजवायचे. वर्गात ती कोणाशी फारसं बोलत नसे. डिसेक्शन संपलं की फॉर्मालिनचा वास जाईपर्यंत तीनदा हात धुवायची आणि मगच मला हात लावायची. इतकी अदब मला कोणी दाखवली नव्हती. वाजवून झालं की माझ्याशेजारी बसून मोठ्याने पाठ करायची, "आधी बघायचं, मग हात लावायचा, मग टिचकी मारायची, मग ऐकायचं." पेशंट तपासण्याची ती रीत मलाही पाठ झाली.

त्या वर्षी गॅदरिंगला दोन दिवस उरले असताना माझा भाता फुसफुसू लागला.

"वाट लागली यार! कीबोर्ड मागवू या," तिच्या वर्गातला निलेश म्हणाला.

"गप रे! पेशंट तपासला नाहीस आणि निकाल देतोस?"

तिने मला नीट बघितलं, हात फिरवला, टिचकी मारली आणि स्टेथोस्कोप चक्क माझ्या भात्याला लावला. "इथे आहे बघ. शिटी ऐकू येतेय." तिथे तिने बँडेजची चिकटपट्टी घट्ट बसवली. गॅदरिंगला मी अशी वाजले की टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतून तिचे बाबा लेकीच्या कौतुकाने मालवणीत ओरडले, "चेडवान नाव काढल्यान हां!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

पुढे तिची वॉर्डची कामं वाढली आणि येणं कमी झालं. इंटर्नशिप संपवून रत्नागिरीला नोकरीला निघाली, तेव्हा मात्र आठवणीने भेटायला आली. भात्याला आराम मिळावा म्हणून तिने मागच्या दोन्ही कड्या लावल्या. "जपून राहा गं," म्हणाली. त्यानंतर त्या कड्या कोणी काढल्या नाहीत.

यंदाचा कल्चरल सेक्रेटरी अनय. त्याने लांबूनच माझ्याकडे पाहिलं. "हिचा भाता फाटलाय रे, बँडेज बघ ना! गेली ही." पुठ्ठा त्यानेच बांधला. ज्या बँडेजने मला वाचवलं, तेच बघून मला मोडीत काढलं. मला फार राग आला, पण हवेशिवाय मी बोलणार कशी?

आता या खोलीत व्यायामशाळा होणार आहे. शनिवारी भंगारवाला येईल. मला दाराशी आणून ठेवलंय.

काल पहिल्या वर्षाची एक मुलगी आत आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. डोळे सुजलेले. फोनवर सांगत होती, "आई, तुझी रेवती एकदम ठीक आहे गं. हो, मैत्रिणी झाल्यात ना खूप." फोन ठेवला आणि बराच वेळ रडली. मग तिने हळूच माझी एक पांढरी पट्टी दाबली. कड्या लावलेल्या, भाता बंद. आवाज आला नाही. मी आतून किती तळमळले म्हणून सांगू! तिने पुठ्ठा वाचला.

"तू पण?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मित्रांनो, आज गुरुवार आहे. माझं म्हणणं थोडकंच आहे. कोणाच्याही अंगावरचं बँडेज बघून परत फिरू नका. जवळ या, हात लावा, ऐका. माझ्या मागच्या दोन कड्या काढा आणि भाता एकदा ओढून बघा. पण त्याआधी हॉस्टेलवर जाऊन रेवतीला बोलावून आणा.