वुओरींच्या दुकानातली खुर्ची

मित्रांनो, आजवर माझ्यामुळे तीन माणसांची डोकी फुटली आहेत. एवढं ऐकल्यावर मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण मी खुर्चीच आहे. मेपलच्या लाकडाची, दोन हातांची, रुंद बैठकीची. ऑन्टॅरिओच्या उत्तरेला, कागदाच्या गिरणीच्या गावात, वुओरींच्या औषधाच्या दुकानात मी राहते. दर ऑक्टोबरात गावातली माणसं फ्लूची लस टोचून घ्यायला येतात आणि दंड उघडा करून माझ्यावर बसतात. आई लेकराला मांडीवर घेऊन बसते. गिरणीतले आडदांड गडी सुई बघून डोळे मिटतात. मी सगळ्यांना धरून ठेवते.

पण माझी सुरुवात अशी नव्हती.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझी पाठ वाफेवर वाकवली गेली. मला घडवणारा कारागीर हाताचा फार हळुवार होता. शेवटचा पॉलिशचा हात देताना तो माझ्याशी बोलायचा. मला वाटलं होतं, मी कुणाच्या तरी जेवणघरात जाईन. पण आम्हा चाळीसजणींना मालगाडीत भरलं आणि या गावच्या हॉटेलात, खालच्या मजल्यावरच्या बिअरच्या गुत्त्यात उतरवलं.

तिथे मला ओव्हिला थेरियो भेटला.

ओव्हिला लाकूडतोड्या. खांदे दाराएवढे, मनगटं माझ्या पायांहून जाड. कामाची पाळी संपली की दुपारी चारला तो यायचा आणि भिंतीशी माझ्यावर बसायचा. एकदा तोइव्हो नावाचा एक फिनिश गडी त्याच्या आधी येऊन माझ्यावर बसला. ओव्हिलाने त्याला काही विचारलं नाही. गचांडी धरून त्याला खाली पाडलं, मला पाठीला धरून उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. मित्रांनो, तो आवाज मी विसरू शकत नाही. तोइव्होचं रक्त माझ्या बैठकीच्या रेषारेषांत मुरलं. हॉटेलवाल्याने मला सोड्याने तीनदा घासलं.

लोकांनी काय करावं? लोक हसले. "थेरियोची खुर्ची" असं माझं नाव पडलं. नवख्या माणसाला मुद्दाम माझ्यावर बसवायचे आणि गंमत बघायचे. त्या गमतीत आणखी दोघांची डोकी फुटली. माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे एका दुपारी ओव्हिलाचा मुलगा नॉर्मांद त्याला बोलवायला आला. नऊ वर्षांचा असेल. दारातूनच म्हणाला, "पपा, आईने घरी बोलावलंय. जेवण निवतंय."

"चारचौघांत मला हुकूम सोडतोस?" ओव्हिलाने कमरेचा पट्टा काढला.

पोरगं पळालं नाही. ते माझ्या पायांत शिरलं, दोन्ही हात डोक्यावर घेऊन त्याने अंगाचं मुटकुळं केलं. पट्टा माझ्या दांड्यांवर बसत होता आणि त्याच्या पाठीवर बसत होता. गुत्त्यात तेव्हा वीसेक माणसं होती. एक जण म्हणाला, "ओव्हिला, बास की." पण तो जागचा उठला नाही. कोणीच उठलं नाही.

काही वर्षांनी हॉटेल बंद पडलं. सामानाचा लिलाव झाला आणि थोरल्या वुओरींनी मला दुकानात आणलं. औषध तयार होईपर्यंत म्हाताऱ्या माझ्यावर बसून गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या. ते माझे निवांत दिवस. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी तळघरात झाली. बारा वर्षं मी खोक्यांमागे ओल खात पडून होते. मला वर आणलं ते थोरल्या वुओरींच्या मुलीने, किर्स्तीने. औषधाच्या दुकानांना लस टोचायची परवानगी मिळाली होती, आणि सुई टोचल्यावर कुणाला भोवळ आली तर तो पडू नये म्हणून तिला भक्कम हातांची खुर्ची हवी होती. तिने मला पुसलं, दुकानाच्या कोपऱ्यात कापडी पडदा लावला आणि त्यामागे मला ठेवलं.

गल्ल्यावर बर्निस बसायची. साठीची, गोल चेहऱ्याची बाई, इथल्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतली. गावातल्या कुणाचीही भीड न ठेवणारी. लस घेतली की तीच दटावायची, "पंधरा मिनिटं हलायचं नाही. बाहेर बर्फात जाऊन पडलास तर उचलायला मी येणार नाही."

अशाच एका ऑक्टोबरात पडदा सरकला आणि ओव्हिला थेरियो आत आला. ऐंशी ओलांडलेला. खांदे उतरलेले, शर्ट अंगावर लोंबणारा. तो माझ्यावर बसला तेव्हा मी आतून ताठ झाले. त्याच्या बोटांनी माझे हात चाचपले, पण त्याने मला ओळखलं नाही. त्याला आणणारा नॉर्मांद पडद्याबाहेर उभा होता. स्वतःची बायको सोडून गेल्यापासून नॉर्मांद बापाबरोबरच राहायचा. त्याला न्हाऊमाखू घालायचा, भरवायचा. गाव म्हणायचं, मुलगा असावा तर असा.

किर्स्तीने म्हाताऱ्याची बाही वर केली. दंडावर चार निळे डाग ओळीने, आणि पाचवा मागे.

"हे काय झालं, मिस्टर थेरियो?"

"पडलो. पायरीवरून."

किर्स्तीने स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली, पट्टी चिकटवली. पुढे काही विचारलं नाही.

बापलेक गेल्यावर बर्निस पडद्यात डोकावली. "पायऱ्यांना बोटं असतात का गं?"

"नॉर्मांद तसा नाही, बर्निस. आम्ही एका वर्गात होतो."

"मग?"

किर्स्ती माझ्या हातावर टेकली. "तिसरीत आम्हाला पोहायला नेलं होतं. कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी त्याची पाठ पाहिली. मानेपासून कमरेपर्यंत वळ होते, काही फुटलेले. त्याने मला बघताना पाहिलं. मी काय केलं, माहितेय? त्याला टॉवेल दिला. आणि निघून आले."

"तू आठ वर्षांची होतीस."

"आज छप्पन्नची आहे," किर्स्ती म्हणाली. पण त्या वर्षी तिने एवढंच म्हटलं.

पुढच्या ऑक्टोबरात बर्फ लवकर पडलं. थेरियो बापलेक पुन्हा आले. म्हातारा पाय ओढत होता. नॉर्मांद त्याच्या मागोमाग पडद्याच्या आत शिरू लागला.

"तू बाहेर थांब," किर्स्ती म्हणाली. "आत एका वेळी एकच माणूस."

"मी मुलगा आहे त्याचा."

"म्हणूनच बाहेर थांब."

तिने बाही वर न करता शर्टाच्या गुंड्या सोडल्या. मित्रांनो, मी त्या म्हाताऱ्याची छाती पाहिली. जुने डाग पिवळे पडले होते, त्यांवर नवे जांभळे उठले होते. बरगडीवर बुटाच्या टाचेएवढा काळा डाग होता. श्वास घेताना तो कण्हत होता.

"कोणी केलं?"

"पडलो. सुई टोच आणि सोड मला, पोरी."

तिने सुई टोचली. पट्टी चिकटवली. मग त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "मी परत विचारते. कोणी केलं?"

म्हाताऱ्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पोराचा हात अगदी माझ्यावर गेलाय."

त्या आवाजात भीती होती की अभिमान, ते मला आजही सांगता येत नाही.

"पंधरा मिनिटं इथेच बसा," म्हणून किर्स्ती मागच्या फोनकडे गेली. ती अगदी हळू बोलत होती. पण दुकान लहान. 'पोलीस' हा शब्द नॉर्मांदने ऐकला.

त्याने पडदा असा ओढला की दांडीसकट खाली आला.

"कुणाला फोन केलास?"

"तुला ठाऊक आहे." किर्स्ती फोन ठेवून पुढे आली.

"आज? आज सुचलं तुला?" त्याचा चेहरा लालबुंद झाला. "तिसरीत कुठे होतीस? टॉवेल देऊन पळालीस! माझ्यासाठी कुणी लावला होता का फोन? तू? तुझ्या बापाने? या अख्ख्या गावाने? आणि आज या डुकरासाठी..."

त्याने बापाच्या छातीवरचा शर्ट मुठीत धरला आणि त्याला माझ्यावरून उपटलं. पहिली थप्पड एवढ्या जोराची बसली की चष्मा उडून औषधांच्या फळीवर आपटला. दुसऱ्या फटक्याला म्हाताऱ्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. किर्स्ती मध्ये घुसली. नॉर्मांदने तिच्याकडे न बघताच मूठ फिरवली आणि ती तिच्या भुवईवर बसली. तिथलं कातडं फाटलं. ती सुयांच्या ट्रेवर कोसळली, तरी त्याचा पाय धरून राहिली. "सोड त्याला! मरेल तो, नॉर्मांद!"

"मरू दे!"

बर्निसने विकायला ठेवलेल्या काठ्यांतली सगळ्यात जाड काठी उचलली आणि नॉर्मांदच्या गुडघ्यावर घातली. तो ओरडला, वाकला, आणि वाकल्यावर त्याच्या हाताला मी लागले.

त्याने मला पाठीला धरलं. अगदी तसंच, जसं त्याचा बाप धरायचा. मी छतापर्यंत वर गेले. मित्रांनो, माझ्यात जीव असता तर मी किंचाळले असते. खाली ओव्हिला होता. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते, गुडघे पोटाशी ओढले होते, अंगाचं मुटकुळं केलं होतं. ऐंशी ओलांडलेला, एके काळचा दांडगा गडी नऊ वर्षांच्या पोराएवढा झाला होता.

नॉर्मांद त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या घशातून एक आवाज निघाला, आणि त्याने मला बाजूच्या काचेच्या कपाटावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. काचा उडाल्या, खोकल्याच्या बाटल्या फुटल्या, माझा मागचा पाय मुळापासून तुटला. मग तो त्या चिकट लाल औषधातच खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

बर्निस काठी उगारून त्याच्यापुढे उभी राहिली. "हलू नकोस. हललास तर दुसरा गुडघा."

पोलीस आले. एक तरुण शिपाई वही उघडून म्हाताऱ्याजवळ बसला. "आजोबा, काय झालं?"

"पडलो," नाकाला कापूस लावलेला ओव्हिला म्हणाला. "तोही पडला. सगळेच पडलो."

किर्स्तीने भुवईवर रुमाल दाबून धरला होता. तो रक्ताने भिजला होता. "मी सांगते. मी पाहिलंय. आज पाहिलं ते लिहा, गेल्या वर्षी पाहिलं ते लिहा. आणि आम्ही तिसरीत असताना मी या नॉर्मांदच्या पाठीवर काय पाहिलं, तेही लिहा."

"बाई, ते आता कशाला?"

"लिहा," किर्स्ती म्हणाली.

खाली बसलेल्या नॉर्मांदने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

त्यानंतर गाव दोन्हीकडून बोललं. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं म्हणून काहींनी किर्स्तीचं दुकान सोडलं. ते औषधासाठी चाळीस मैल गाडी हाकू लागले, पण इथे आले नाहीत. नॉर्मांदला शिक्षा झाली. काही महिने तुरुंग, आणि पुढे दोन वर्षं बापाच्या आणि या दुकानाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ओव्हिलाला वृद्धाश्रमात ठेवलं. किर्स्ती तिथे लस टोचायला गेली की परत येऊन बर्निसला सांगायची, "आज नर्सच्या मनगटाला चावला." पण त्याच्या अंगावर नवे डाग नव्हते. दुसऱ्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

मला बर्निसच्या नवऱ्याने दुरुस्त केलं. तुटलेला पाय चिकटवून त्याने त्याला लोखंडी पट्टी ठोकली. मी पुन्हा पडद्यामागे उभी राहिले.

गेल्या ऑक्टोबरात दाराची घंटा वाजली आणि बर्निसचा हात आपोआप काठ्यांकडे गेला. नॉर्मांद दारात उभा होता. एकटा. टोपी हातात.

"मनाईची मुदत संपली," तो म्हणाला. "लस घ्यायची होती. नको म्हणालीस तर जातो."

बर्निसने किर्स्तीकडे पाहिलं. किर्स्तीचा हात भुवईकडे गेला आणि परत खाली आला. "आरोग्याचं कार्ड आणलंस?"

तो माझ्यावर बसला. जपून, जसं कुणी तळ्यावरच्या पातळ बर्फावर पाय ठेवतं. त्याने माझ्या पायाची पट्टी पाहिली, मग किर्स्तीच्या कपाळाकडे पाहिलं.

"खूण राहिली."

"राहिली," किर्स्ती म्हणाली. होऊन गेलं ते जाऊ दे, असं काही ती म्हणाली नाही. "कुठल्या हाताला?"

"डाव्या. उजव्याने लाकडं फोडायची आहेत."

सुई टोचताना त्याने डोळे मिटले. मग तो बसून राहिला. बाहेर बर्फ पडत होतं. त्याचे तळहात माझ्या हातांवर टेकलेले होते. उघडे, मूठ न वळलेले. पंधरा मिनिटं झाली तसं बर्निसने गल्ल्यावरून सांगितलं, "झाला वेळ. जाऊ शकतोस."

तो उठला नाही.

"आणखी पाच मिनिटं बसू?"

बर्निसने किर्स्तीकडे पाहिलं, मग म्हणाली, "बस. कॉफी घेशील?"

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवी गादी नको. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. कधी कुणाची बाही वर सरकली आणि तुम्हाला निळं काही दिसलं, तर नुसता टॉवेल देऊन जाऊ नका. विचारा. तो म्हणेल, पडलो. मग परत विचारा. तुम्ही लहान असाल, तर धावत जाऊन एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. ऐकणारं कुणीतरी भेटेपर्यंत सांगत राहा.