खळ्यावरची चाकं

पहिल्या दीड महिन्यात राघोबाच्या खळ्यावर चाकाचे बूट घालून एकही माणूस पडला नाही, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. चाकं लावली की माणूस पडतो. न लावताही पडतो. गुलबर्ग्यात भर लग्नात माझा साडू नुसत्या चपलांवर आडवा झाला होता आणि अजून फरशीला दोष देतो. पण आमच्या गावात कुणी पडेना आणि आम्ही समजलो की हा गावाचा गुण. गाव अशा बाबतीत फार लवकर समजतं.

बूट आणले मैत्रेयीनं. ती गावातल्याच रत्नपालची मुलगी. गुलबर्ग्याला खेळाचं शिक्षण घेऊन परतली आणि येताना एका बंद पडलेल्या शाळेतले चौदा जोड घेऊन आली. बूट होते, पोरं होती. नव्हती ती सपाट जागा. औरादपासून इकडं जे काही सपाट आहे त्यावर तूर वाळत असते. शेवटी तिची नजर राघोबाच्या खळ्यावर गेली. ते जुनं, गोल, मळणीचं खळं. मळणी यंत्रं आल्यावर त्याला काम उरलं नाही, म्हणून राघोबानं त्यावर सिमेंट घोटून घेतलं होतं. मधोमध तिवडा तसाच उभा. तिवडा म्हणजे मळणीच्या वेळी ज्याला बैल बांधून कणसांवरून गोल फिरवतात तो खांब. राघोबानं गवंड्याला तो काढायला सांगितलं होतं.

"मळणी सरल्याबिगर तिवडा काढत न्हाईत, आप्पा," गवंडी म्हणाला.

"अरे, बावीस वरसं झाली की मळणी सरून."

"सरली का?" एवढं विचारून गवंड्यानं खांबाभोवती सिमेंट ओतलं आणि जेवायला गेला.

मैत्रेयीनं खांबाला सायकलचं जुनं टायर गुंडाळलं, आणि आमच्या गावात चाकं फिरू लागली. पहिल्या आठवड्यात पोरं. दुसऱ्या आठवड्यात पोरांना धरायच्या निमित्तानं त्यांचे बाप. तिसऱ्या आठवड्यात शाळेतले सिद्धलिंगप्पा सर, वजन एकशेदोन किलो, हे 'मुलांवर लक्ष ठेवायला' म्हणून उतरले आणि दिवस मावळेपर्यंत त्यांनी एकाही मुलाकडं पाहिलं नाही. नळाला पाणी आलं तरी माणसं चाकांवरून उतरेनात. मी खळ्याच्या पायरीवर बसून हे बघायचो. चालणं हे काम आहे. चाकांवर जाणं म्हणजे कुणीतरी आपल्याला घेऊन जातंय. पोरांना ते नवं वाटतं. मोठ्यांना ते आठवतं.

राघोबाची बायको राजूबाई हेच बघत खळ्यालगतच्या अंगणात बसलेली असायची. तिचे गुडघे गेलेले. नऊ वर्षं काठी, आणि काठी घेऊनही अंगणाच्या कडेपर्यंतच. एक दिवस मैत्रेयी तिच्यापुढं बूट घेऊन उभी राहिली.

"काकी, नुसतं बसून काय बघायलाव? या की."

"पडली तर मी उचलणार न्हाई," राघोबा आतून ओरडला.

"नऊ वरसं कुठं उचललाव?" राजूबाई म्हणाली आणि तिनं पाय पुढं केला.

मैत्रेयीनं आणि एका पोरीनं धरून तिला खळ्यावर आणलं. सोडलं. नऊवारीचा काष्टा मारलेली ती सहासष्ट वर्षांची बाई बदकासारखी दोन पावलं हलली आणि मग गेली. तिवड्याभोवती असा सफाईदार गोल घेतला, की राघोबा हातातली तपकीर नाकाला लावायची विसरला. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. ती काही बोलली नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, भरून आलं असेल.

नंतर माझ्या ध्यानात आलं की त्या खळ्यावर कुणीच बोलत नव्हतं.

कडेला असेपर्यंत पोरं कावळ्यांसारखी. ढकल, शिवी, 'माझा नंबर'. पण चाक सिमेंटला लागलं की तोंड बंद. ओठ घट्ट मिटलेले, कुणीतरी बांधल्यासारखे. नुसता चाकांचा घरघराट, दुपारभर. शिवाय सगळे एकाच दिशेनं फिरत, आणि फिरता फिरता शेजारी शेजारी येऊन खांबापासून बाहेरपर्यंत त्यांची एक रांग होई. आतला हळू, बाहेरचा पळत. मैत्रेयीनं असं शिकवलं नव्हतं. आणि बूट काढल्यावर भूक. सिद्धलिंगप्पा सरांच्या मंडळी मला म्हणाल्या, "अण्णा, हे चार भाकरी खाऊन पाचवीकडं बघायलेत." त्यात मला विशेष वाटलं नाही, सर आधीपासूनच बघत असत.

विशेष वाटलं ते चैत्रातल्या एका दुपारी. दोनचा सुमार. ऊन असं की कुत्रं सावलीतून शेपूट बाहेर काढेना. वारा नाही. खळ्यावर कुणीतरी एक बूट विसरला होता, डाव्या पायाचा, नाडी सुटलेला. तो चालला होता. घाई नाही, गडबड नाही. तिवड्याला वळसा घालून तो माझ्यासमोरून गेला, पलीकडं गेला, परत आला. नाडी मागं लोळत होती. तिसऱ्या फेरीला मी पाय वर घेऊन बसलो.

मैत्रेयीला सांगितलं. ती शिकलेली पोरगी. तिनं गवंड्याची पाण्याची नळी आणून खळ्याचा चारी बाजूंनी उतार पाहिला.

"सपाट हाय, अण्णा. एक सूत फरक न्हाई."

"मग बूट कामून फिरायलाय?"

तिनं नळी गुंडाळून ठेवली. "बूट जुने हायेत," ती म्हणाली. मलाही दुसरं कारण नको होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी राजूबाई सकाळी दहाला खळ्यावर उतरली. बारा वाजले तरी फिरत होती. राघोबा भाकरी घेऊन कडेला उभा राहिला. ती समोरून गेली, भाकरीकडं बघत, तोंड मिटून. एक वाजला, दोन वाजले. ओठांना भेगा पडलेल्या. डोळे मात्र टक्क उघडे, आणि ते आमच्याकडं बघत होते. थांबायचं असलेल्या माणसाचे डोळे की न थांबायचं असलेल्याचे, ते मला ओळखू आलं नाही. राघोबानं वाटेत आडवं येऊन पदर धरला. पदराचा तुकडा त्याच्या हातात राहिला, बाई पुढं गेली.

"अगं, थांब की! मरशील!" राघोबा रडकुंडीला आला. आयुष्यात पहिल्यांदा तो बायकोच्या मागं पळत होता, आणि गाव बघत होतं, त्याचीही त्याला लाज वाटली नाही.

सिद्धलिंगप्पा सर बूट चढवून तिला अडवायला गेले. "साकु, काकी, साकु! पुरे आता!" असं ओरडत ते सिमेंटवर गेले आणि दुसऱ्या 'पुरे'मधला 'रे' तोंडातच राहिला. तिच्या शेजारी रांगेत लागले. मग मैत्रेयी गेली. ती तरी हुशार, हात पुढं करून, बरोबर वेळ साधून गेली. मी तिचे ओठ मिटताना पाहिले. आता तिघं एका ओळीत फिरत होती. आत सर, मध्ये मैत्रेयी, बाहेर पळती बाजू राजूबाईची. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

रत्नपालनं धावत जाऊन आईला आणलं. भागाबाई, वय ऐंशीच्या पुढं. यंत्रं येईपर्यंत गावातल्या निम्म्या खळ्यांवर तिनं बैल हाकले होते. ती कडेला उभी राहिली, तीन फेऱ्या पाहिल्या, आणि राघोबाकडं वळली.

"आप्पा, ही तुमची बैलं हायेत."

"काय बोलायलीस भागाबाई, माझी बायको हाय ती!"

"मीच हाकत व्हते त्या दिशी. खळ्यावर कणसं पसरलेली, बैलांची पात अर्धी फिरली, अन् शेजारच्या रानात यंत्र आलं म्हणून तुम्ही नाचत गेलाव. हरण्या अन् बाशिंग्याला अर्ध्यातून सोडलाव. मुसकी खळ्यावर काढली न्हाईत, तोंडात मूठभर दाणा घातला न्हाई. पुढच्या बाजारात विकलाव." तिनं फिरणाऱ्या तिघांकडं हात केला. "अर्धी मळणी तशीच पडलीया. कुणीतरी फिरणारच की."

मळणीच्या शेवटच्या फेरीनंतर बैलांच्या तोंडाची मुसकी खळ्यावरच काढतात आणि दाणा चारतात, मगच जू उतरवतात. एवढं आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. राघोबा खाली बघू लागला.

रत्नपाल हळूच म्हणाला, "आई, आपल्यात असलं मानत न्हाईत."

"मानायला कोण सांगायलंय? काम अर्धं हाय, पुरं करा म्हणायले."

रत्नपाल टोपली आणायला गेला. राघोबाच्या रानात कापलेली ज्वारी यंत्राची वाट बघत पडली होती. दोन टोपली कणसं आणून आम्ही कडेनं खळ्यावर पसरली. चाकाखाली कणीस आलं की माणूस तोंडावर आपटतो, हे विज्ञान आहे. कुणी आपटलं नाही. भागाबाई तिवड्याजवळ जाऊन उभी राहिली. तिचं तोंड तेवढं उघडं राहिलं. हाकणाऱ्याला मुसकं नसतं.

"होऽऽ... चल माझ्या राजाऽऽ..."

ती हाक मी लहानपणी ऐकली होती. अंगावर काटा आला, आणि तो आवडलासुद्धा. चाकांखाली कणसं तडतडू लागली. दाणे सुटले, भुसा उडाला, तिघांच्या केसांवर बसला. कडेला उभी असलेली पोरं एकेक करून बूट चढवून आत गेली, आया ओरडत असताना गेली, आणि रांग लांबत गेली. मध्येच मला वाटलं की माणसं जितकी दिसतात त्याहून पावलांचा आवाज जास्त येतोय, आणि तो चाकांचा नाही. खुरांचा आवाज मला कळतो. मी मोजलं नाही.

पाचच्या सुमाराला भागाबाईनं हात वर केला. "हो रे बाबाऽ हो. सरलं."

सगळी थांबली. एका दमात, एका ओळीत. राघोबानं घरातल्या खुंटीवरची दोन जुनी मुसकी आणून खांबापाशी ठेवली. भागाबाईनं खालचे दाणे उचलले आणि एकेकाच्या ओठांवरून हात फिरवून तोंडात चार चार दाणे घातले. पोरं एकदम किंचाळायला लागली. सर मटकन खाली बसून म्हणाले, "भाकरी." मैत्रेयीनं खांबाकडं बघत बुटांच्या नाड्या सोडल्या.

राजूबाई शेवटची. दाणे तोंडात घेतले, चावले, गिळले.

"कामून थांबवलंस, भागाक्का?" ती म्हणाली, आणि तिचे गुडघे गेले.

दुसऱ्या दिवसापासून खळं शहाण्यासारखं वागू लागलं. पोरं धडाधड पडू लागली. पहिल्याच संध्याकाळी सात गुडघे आणि एक दात. दोन्ही दिशांनी फिरत, टकरा घेत, शिव्या देत. गावाला फार बरं वाटलं. विसरलेला बूट विसरला तिथंच राहू लागला. राघोबानं तिवडा काढायला पुन्हा गवंडी बोलावला. त्यानं पहार घातली, सिमेंट फोडलं, दोन माणसं लावली. खांब हलला नाही.

"सरली का मळणी?" त्यानं विचारलं.

"सरली की! सगळ्या गावानं पाहिली."

"मग निघायला पायजे," गवंडी म्हणाला, आणि जेवायला गेला.

राजूबाई पुन्हा अंगणात. मैत्रेयीनं एकदा बूट घालून बघितले तिच्या पायात; दोन पावलांत कोसळली. मग तिनं पोरांकडं बघणंही सोडलं. भिंतीकडं तोंड करून बसायची. राघोबा आता तिला उचलायचा, आत न्यायचा, बाहेर आणायचा, गरम पाण्यानं पाय शेकायचा. "जिवंत हाय, एवढं पुरे," तो मला म्हणाला. त्याला ते पुरत होतं.

काल दुपारी तो औरादला गेला. दोनचा सुमार, ऊन तसंच. राजूबाईनं मला हाक मारली.

"अण्णा, इकडं या."

तिनं कनवटीला खोचलेलं काहीतरी काढलं. ज्वारीचं कणीस. एकच, अख्खं, दाण्यांनी भरलेलं.

"त्या दिशी चाकाखालून उडालं. लुगड्यात धरलं मी."

"कळत असून?"

"कळत असून." तिनं ते माझ्या हातावर ठेवलं. "खांबापाशी ठेवा. मला तितवर चालवत न्हाई."

"मग थांबवणार कोण?"

"भागाक्का हाय की."

"आणि ती गेल्यावर?"

तिनं खरोखरच विचार केला. "तवर फिरते," ती म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणण्यात माझी कचेरीतली सगळी नोकरी सरली आहे, मला ते छान जमतं. पण तिचा चेहरा तसा होता, ज्या गाडीत चढायचं ती समोर आलेल्या पोराचा असतो तसा. मी कणीस तिवड्याच्या बुडाशी ठेवलं. पायरीवरचा एक बूट सावकाश घरंगळत खळ्यावर उतरला आणि वळला. मी तिला काखेत हात घालून आणलं, नाड्या आवळल्या, सोडलं.

ती गेली. पहिल्या फेरीला हात लोंबत होते, दुसरीला पाठ सरळ झाली. तिसऱ्या फेरीला समोरून जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं, ओठ मिटलेले, आणि तिवड्याच्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडली.

पायरीवरच्या बुटांत एक जोड माझ्या मापाचा आहे, हे मी पहिल्या आठवड्यापासून जाणून होतो. बसलो, घातला, उभा राहिलो. सिमेंटला चाक लागल्यावर आठवलं की भागाबाईला आधी निरोप पाठवायला हवा होता. रस्त्यानं रत्नपाल चालला होता, हाकेच्या अंतरावर. पण तोंड उघडेना.